टायरची झीज : तिचे वाचन आणि निदान

बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव एकाच अंगाने झिजलेली दिसली, तर जाणता लोहार लगेच नवी धाव तापवावयास घेत नसे. तो आधी चाक हाताने हलवून पाही. तुंबा आतून झिजून सैल झाला आहे काय, आसाचे टोक वाकले आहे काय, एखादा आरा ढिला झाला आहे काय, याची खात्री करून घेतल्यावरच भट्टी पेटे. धाव हा चाकाचा जमिनीला टेकणारा भाग. वर कोठेही बिघाड झाला तरी त्याची खूण तेथेच उमटते, हे त्याला अनुभवाने ठाऊक असे.

मोटारसायकलच्या रबरी टायरबाबत ही दृष्टी पुष्कळदा हरवलेली दिसते. टायर झिजला की बदलावयाचा, आणि वेडावाकडा झिजला असेल तर ‘अलाइनमेंट गेले’ असे म्हणून मागच्या चाकाचे नट थोडे इकडेतिकडे करून नवा चढवावयाचा, अशी सर्वसाधारण रीत आहे. काही हजार किलोमीटरनंतर नव्या टायरवरही तोच आकार दिसू लागतो. यात पैसा वाया जातो, ही गोष्ट सामान्य माणसाच्या दृष्टीने लहान नाही. परंतु त्याहून गंभीर गोष्ट अशी, की झिजेने दिलेली सूचना जुन्या टायरबरोबरच भंगारात जाते आणि मूळ दोष, मग तो हँडलचा ढिला कोनसेट असो वा तेल संपलेला शॉक ॲब्सॉर्बर असो, वाहनात तसाच राहतो. दोन चाकांच्या वाहनाला तोल सावरण्यासाठी तिसरे चाक नसते.

या विषयाच्या विवेचनासाठी म्हैसूर शहर सोयीचे आहे. फारोख इराणी आणि रुस्तम इराणी यांच्या आयडियल जावा (इंडिया) या कंपनीने चेकोस्लोव्हाकियातील जावा कंपनीच्या परवान्याने तेथील यादवगिरी भागात कारखाना उभारला आणि १९६१ पासून तेथून प्रथम ‘जावा’ व पुढे ‘येझदी’ या नावाच्या मोटारसायकली बाहेर पडू लागल्या. हा कारखाना १९९६ साली बंद पडला. २०१८ नंतर पुन्हा याच नावांनी बाजारात आलेल्या मोटारसायकली वेगळ्या कंपनीच्या असून त्या मध्य प्रदेशातील पिथमपूर येथे तयार होतात. तथापि म्हैसूरची जुनी वाहने आजही रस्त्यावर आहेत, आणि ज्या वाहनाचे वय चाळीस-पन्नास वर्षांचे आहे त्याच्या टायरवर वाचण्यासारखे पुष्कळ असते. योगायोग असा, की याच शहरात विक्रांत टायर्स हा टायरचा मोठा कारखानाही निघाला; १९९७ मध्ये तो जे. के. टायर या उद्योगसमूहाकडे गेला. शहरातील रस्त्यांचे वैशिष्ट्य तर या विषयाशी थेट निगडित आहे. त्याचा विचार योग्य ठिकाणी येईल.

रबर केव्हा झिजते

टायर रस्त्यावर फिरतो म्हणून झिजतो, अशी समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. चाक निव्वळ लोळत असेल, तर टायरचा प्रत्येक बिंदू जमिनीवर टेकतो आणि उचलला जातो. त्यात घासण्यासारखे फार थोडे घडते. रबर झिजते ते घसरण्याने. वाहनाला पुढे ढकलताना, ब्रेक लावताना आणि वळताना टायरचा जमिनीला टेकलेला भाग किंचित ताणला जातो, आणि जमीन सोडण्याच्या क्षणी तो ताण सुटताना रबर अल्पसे सरपटते. ही सरपट डोळ्यांना दिसत नाही, परंतु एका किलोमीटरमध्ये चाकाचे पाचशेहून अधिक फेरे होतात, आणि प्रत्येक फेऱ्यात ती घडते. वळणावर आडवे बल दुप्पट झाले तर सरपटही जवळजवळ दुप्पट होते. म्हणून झीज ढोबळमानाने चौपट होते. याच कारणाने शांतपणे चालविलेल्या आणि दांडगाईने चालविलेल्या दोन सारख्या वाहनांच्या टायरच्या आयुष्यात एवढा फरक पडतो.

असमान झीज म्हणजे टायरच्या काही भागांत ही सरपट इतर भागांपेक्षा अधिक होत होती, याचा पुरावा होय. निदान करणाऱ्यापुढचा प्रश्न म्हणून एवढाच असतो : अधिक सरपट नेमकी कोठे झाली, आणि तिला भाग पाडणारे कोण?

जमिनीला टेकणारे हे क्षेत्र किती लहान असते, हे लक्षात घेतले पाहिजे. मागच्या चाकावर १५० किलो भार असेल आणि टायरमध्ये २८ पौंड हवा असेल (म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला सुमारे २ किलो), तर तो भार पेलण्यास सुमारे ७५ चौरस सेंटीमीटर जागा लागते. बोटे सोडून उरणारा तळहात साधारण तेवढाच असतो. टायरच्या कडकपणामुळे प्रत्यक्ष क्षेत्र याहूनही थोडे कमी भरते. स्वार, त्याच्या मागे बसलेले माणूस आणि यंत्र या सर्वांची भिस्त अशा दोन तळहातांवर असते.

बारा मापे

निदानास आरंभ मोजण्यापासून करावा. डोळ्यांना प्रथमदर्शनी जे दिसते त्यावर विसंबू नये. टायरच्या नक्षीची खोली मोजण्याचे लहान मापक बाजारात मिळते. ते नसेल तर काडेपेटीतील काडी खोबणीत उभी धरून नखाने खूण करावी आणि ती पट्टीवर मोजावी. एवढ्यानेही काम भागते. टायरच्या परिघावर सारख्या अंतरावर चार ठिकाणी खडूने खुणा कराव्यात. हवा भरण्याच्या तोटीपासून सुरुवात केली तर पुढच्या वेळीही त्याच जागा सापडतात. प्रत्येक खुणेपाशी डावी कड, मध्य आणि उजवी कड अशी तीन मापे घ्यावीत. एका टायरची अशी बारा मापे होतात. डावे-उजवे नेहमी स्वार बसल्यावर त्याच्या हाताला असेल ते धरावे. चाक काढून भिंतीला टेकविल्यावर डाव्याउजव्याचा घोळ होतो.

या बारा आकड्यांत एक साधे पण महत्त्वाचे रहस्य आहे. आकडे रुंदीच्या दिशेने बदलत असतील, म्हणजे मध्य एक सांगतो आणि कडा दुसरे, परंतु चारही खुणांपाशी तोच प्रकार असेल, तर कारण हवा, भार, रस्ता, चालविण्याची पद्धत किंवा वाहनाचा सांगाडा यांतच शोधावे लागते. उलट, एका खुणेपाशी खोली अधिक आणि दुसऱ्या खुणेपाशी कमी, असे परिघाच्या दिशेने चढउतार असतील, तर दोष फिरणाऱ्या किंवा हलणाऱ्या भागात आहे : रिम, तारा, बेअरिंग, ब्रेकचा ड्रम, कोनसेट किंवा शॉक ॲब्सॉर्बर. कमी हवा साऱ्या परिघाला सारखीच भोवते. ती एका जागी खड्डा पाडू शकत नाही. आणि चाकाचा तोल बिघडल्याने फक्त उजवी कड झिजत नाही. एवढी एक विभागणी मनात पक्की असली, तर निम्मी चुकीची निदाने आरंभीच गळून पडतात.

मापे घेतल्यावर तळहात टायरवरून एकदा फिरण्याच्या दिशेने आणि एकदा उलट फिरवावा. नक्षीच्या ठोकळ्यांची एक धार तीक्ष्ण आणि दुसरी बोथट झाली असेल, तर एका दिशेने हात सहज सरकतो आणि दुसऱ्या दिशेने अडखळतो. पुढच्या चाकावर मुख्यतः ब्रेकचे बल असते आणि मागच्यावर इंजिनाचे. ही बले परस्परविरुद्ध दिशांची असल्याने दोन्ही चाकांवरील धारही उलटसुलट असते. अशी धार थोड्या प्रमाणात असणे हा दोष नव्हे. पुढे व मागे दोन्हीकडे चालणाऱ्या काही टायरांवर दोन चाकांसाठी उलट दिशांचे बाण छापलेले असतात, त्याचे कारणही हेच आहे.

रुंदीच्या दिशेची झीज

मागच्या टायरचा मध्य झिजून सपाट होणे ही सर्वांत परिचित झीज होय. लांबच लांब सरळ रस्ता आणि गरजेपेक्षा अधिक हवा ही तिची दोन कारणे. म्हैसूरहून बंगळूरला वरचेवर जाणाऱ्याच्या टायरवर ती हमखास दिसे. (२०२३ मध्ये दोन शहरांमधला नवा द्रुतगती मार्ग खुला झाला आणि त्याच वर्षी १ ऑगस्टपासून त्याच्या मुख्य मार्गिकांवर मोटारसायकलींना मज्जाव झाला, त्यांना आता बाजूच्या सेवा रस्त्याने जावे लागते.) मध्य चपटा झालेला टायर सरळ जाताना तक्रार करीत नाही. वळणावर मात्र तो आधी कलण्यास विरोध करतो आणि नंतर चपट्या भागाची कड ओलांडताच एकदम कलतो.

मध्य शाबूत आणि दोन्ही बाजू झिजलेल्या, हे कमी हवेचे किंवा अतिभाराचे लक्षण. हवा कमी असली की टायरचा माथा दबतो आणि भार त्याच्या दोन्ही अंगांवर येतो. ‘ट्रिपल सीट’ नेण्याची सवय असलेल्या वाहनावर ही झीज आढळते. येथे हवा मोजण्याच्या वेळेचा प्रश्न येतो. हवा नेहमी टायर थंड असताना, शक्यतो सकाळी, मोजावी. तापमान १० अंशांनी वाढले की दाब सुमारे दीड पौंडाने वाढतो. दुपारी लांबून आल्यावर टायर ३० अंशांनी तापलेला असताना पेट्रोल पंपावर बरोबर २८ पौंड हवा भरून घेणाऱ्याच्या टायरमध्ये दुसऱ्या दिवशी सकाळी २४ च्या आसपास उरते. आपण नियमाने हवा भरतो असे तो शपथेवर सांगेल, आणि ते खोटेही नसेल.

आता सर्वांत वादग्रस्त प्रकार : एकाच बाजूची झीज. भारतात ती पुष्कळदा उजव्या बाजूस आढळते. तिचे नेहमीचे स्पष्टीकरण असे दिले जाते, की रस्ता मध्यभागी उंच आणि कडेला उतरता असतो. वाहन डावीकडून चालत असल्याने टायरची उजवी बाजू अधिक टेकते. हे खरे आहे, परंतु किती खरे आहे हे आकड्यांनी पाहावे. डांबरी रस्त्याचा आडवा उतार मीटरला सुमारे २ सेंटीमीटर असतो. सव्वातीन इंच रुंदीच्या टायरवर त्यामुळे टेकण्याची रेषा मध्यापासून जेमतेम १ मिलिमीटर सरकते. एवढ्याने खांद्यापर्यंतचे रबर उडत नाही.

खरे कारण वळणांत आहे, आणि येथे म्हैसूरचे रस्ते मदतीला येतात. हे शहर सर्कलांचे आहे. राजवाड्याच्या परिसरातच कृष्णराज सर्कल, चामराज सर्कल आणि पूर्वी हार्डिंज सर्कल म्हणून ओळखले जाणारे जयचामराजेंद्र सर्कल अशी वर्तुळे आहेत. डावीकडून वाहन चालविण्याच्या पद्धतीत वर्तुळाला उजवा हात देत वळसा घालावा लागतो. म्हणजे वर्तुळावर असेपर्यंत वाहन सतत उजवीकडे कललेले असते. समजा, वळशाची त्रिज्या १५ मीटर आणि वेग ताशी २५ किलोमीटर आहे. तेव्हा वाहन सुमारे १८ अंश कलते आणि टेकण्याची रेषा मध्यापासून तब्बल १३ मिलिमीटर उजवीकडे जाते. वर्तुळात शिरताना आणि बाहेर पडताना डावी वळणेही घ्यावी लागतात, पण ती आखूड आणि बहुधा मंद गतीची असतात. घाटातही तोच न्याय लागू पडतो. उजवे वळण रस्त्याच्या बाहेरच्या अंगाने घ्यावे लागत असल्याने ते अधिक लांब पडते : आतल्या मार्गाची त्रिज्या १० मीटर आणि बाहेरच्याची साडेतेरा मीटर धरली, तर केसाच्या आकड्यासारख्या पूर्ण वळणात डाव्या वळणाला ३१ मीटर आणि उजव्याला ४२ मीटर अंतर होते. उटीला जाताना मसिनगुडीच्या पुढे कल्हट्टी घाटात क्रमांक घातलेली अशी ३६ वळणे लागतात. महाराष्ट्रातील आंबोली किंवा वरंध घाटांतून रोज जा-ये करणाऱ्यांचे टायरही या हिशेबातून सुटत नाहीत. म्हणून दोन्ही टायर उजव्या बाजूस बेताने अधिक झिजले असतील, तर वाहनात दोष शोधीत बसू नये. तो रस्त्याचा हिशेब आहे.

एका बाजूला लटकविलेल्या भाराचा परिणाम मात्र प्रथमदर्शनी उलटा वाटतो. दुधाचा एकच कॅन डाव्या अंगाला असेल, तर तोल राखण्यासाठी वाहनाला उजवीकडे कलून चालावे लागते. त्यामुळे भार डावीकडे आणि झीज उजवीकडे, असे घडते. दोन्ही अंगांना कॅन लावून निघालेला दूधवालाही एका बाजूचा कॅन आधी रिकामा करीत असेल, तर परतीच्या वाटेवर त्याचे टायर हीच कहाणी लिहितात.

‘अलाइनमेंट’विषयी

मागच्या चाकाचा आस साखळी ताणण्यासाठी पुढेमागे सरकविता येतो. त्याचा एक नट अधिक आणि दुसरा कमी फिरविला गेला, तर चाक तिरके बसते. चारचाकीत असे तिरके चाक जमिनीवर फरफटत जाते आणि टायर भराभर झिजतो. तोच तर्क लोक मोटारसायकलला लावतात. परंतु दोन चाकांच्या वाहनाची गोष्ट वेगळी आहे. येथे पुढचे चाक मोकळे असते. मागचे चाक थोडे डावीकडे रोखलेले असेल, तर स्वार नकळत हँडल तेवढेच वळवून धरतो, दोन्ही चाके परस्परांना समांतर होतात आणि वाहन खेकड्यासारखे किंचित तिरके, पण सरळ रेषेत चालत राहते. टायर फारसे फरफटत नाहीत. हानी होते ती साखळीची आणि तिच्या दातेरी चक्रांची. जुन्या जावाची साखळी पूर्णपणे बंद पेटीत असल्यामुळे ती धुळीपासून वाचे, हा तिचा मोठा गुण; पण डोळ्याआड असल्याने साखळीचा ताण आणि तिरकेपणा यांकडे दुर्लक्षही तितकेच होई. तेव्हा चाक सरळ बसविलेच पाहिजे, यात शंका नाही. ते सरळ बसविल्याने टायरची विषम झीज थांबेल, ही अपेक्षा मात्र बहुतेक वेळा फोल ठरते. बाजूला तिसरे चाक, म्हणजे साइडकार, जोडलेली असेल तर चारचाकीचा तर्क पूर्णपणे लागू होतो.

सांगाड्याचा एक दोष मात्र टायरवर निश्चित उमटतो : पुढचे आणि मागचे चाक एकाच उभ्या पातळीत नसणे. अपघातात चिमटा किंवा सांगाडा पिळवटला की एक चाक डावीकडे आणि दुसरे उजवीकडे कललेले राहते. त्यामुळे पुढचा टायर एका बाजूने आणि मागचा विरुद्ध बाजूने झिजतो. ही खूण लक्षात ठेवण्याजोगी आहे. दोन्ही टायर एकाच बाजूने झिजले, तर कारण बहुधा रस्ता किंवा भार. विरुद्ध बाजूंनी झिजले, तर सांगाडा तपासल्यावाचून नवा टायर घेऊ नये. जुने वाहन विकत घेताना विक्रेत्याच्या सांगण्यापेक्षा या एका लक्षणावर अधिक विश्वास ठेवावा.

परिघाच्या दिशेची झीज

एकाच जागी रबर खरवडल्यासारखा सपाट चट्टा असेल, तर चाक केव्हातरी ब्रेकने जाम होऊन फरफटले, असे समजावे. असा एकच चट्टा हा एका प्रसंगाचा ठसा असतो. परंतु चट्टा हळूहळू मोठा होत असेल, तर ब्रेकचा ड्रम पाहावा. चाकाच्या तारा असमान ताणल्या गेल्याने ड्रम किंचित लंबगोल होऊ शकतो. मग प्रत्येक फेऱ्यात तो एकाच ठिकाणी अधिक आवळला जातो आणि टायरच्या ठरावीक भागालाच ब्रेकचा मार बसतो. ब्रेक हळू दाबल्यावर पायाला किंवा हाताला ठोके जाणवणे ही त्याची साक्ष.

पुढच्या टायरवर ठरावीक अंतराने उथळ खळगे पडणे हा प्रकार सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत बोलका आहे. त्याची सुरुवात ब्रेकच्या बलाने ठोकळे झुकण्यापासून होते. उभ्या सलग रेघांच्या जुन्या पुढच्या टायरवर तो उशिरा दिसतो, कारण तेथे झुकावयास सुटे ठोकळेच नसतात. परंतु खळगे लवकर आणि खोल पडत असतील, तर चाक जमिनीवर स्थिर न राहता बारीक बारीक उड्या मारीत आहे, असा अर्थ होतो.

एक उदाहरण घेऊ. समजा, म्हैसूरच्या एका गृहस्थाकडे येझदी रोडकिंग आहे. पुढचा टायर एकदा बदलूनही पुन्हा आवाज करू लागला आहे. चार खुणांपाशी मध्याची मापे अनुक्रमे ३.४, २.२, ३.३ आणि २.४ मि. मी. भरतात, दोन्ही कडांची मापेही तशीच खालीवर होतात. रुंदीच्या दिशेने मात्र म्हणण्यासारखा फरक नाही. मागच्या टायरची उजवी कड डावीपेक्षा अर्ध्या मिलिमीटरने कमी आहे, परिघाच्या दिशेने तो समान आहे. मागच्या टायरचा प्रश्न येथेच संपतो : सर्कलांचे शहर. पुढच्या टायरची चौकशी परिघाच्या बाजूने करावयाची.

वाहन मधल्या स्टँडवर उभे करून इंजिनाखाली ठोकळा द्यावा, म्हणजे पुढचे चाक अधांतरी राहील. प्रथम चाक फिरवून रिमजवळ खडू स्थिर धरावा. खडू सर्वत्र सारख्या अंतरावर राहिला, तर चाक ‘आउट’ नाही. मग चाक चार-पाच वेळा हलकेच फिरवून सोडावे; दर वेळी तोच भाग खाली येऊन थांबत असेल, तर तोल बिघडलेला आहे. नंतर टायरला दोन्ही हातांनी धरून आडवे हलवावे. खडखड झाली, तर चाकाचे बेअरिंग गेले. या तिन्ही परीक्षांत उदाहरणातील चाक निर्दोष ठरते, असे धरू. आता चिमट्याची खालची टोके धरून पुढेमागे ढकलावीत. हँडलच्या मुळाशी ‘टक’ असा हलका धक्का हाताला जाणवतो. कोनसेट ढिला आहे. शेवटी ठोकळा काढून, पुढचा ब्रेक दाबून हँडलवर जोराने भार द्यावा आणि सोडावा. चिमटा एकदा वर येऊन थांबावयास हवा. तो दोन-तीनदा झुलतो. आतले तेल कमी झाले आहे किंवा पातळ झाले आहे.

असे दोन दोष एकमेकांना पोसतात. तेल नसल्याने चाक उड्या मारते, त्या धक्क्यांनी कोनसेट अधिक ढिला होतो, ढिल्या कोनसेटमुळे ब्रेक लावताना चाक पुढेमागे थरथरते, आणि टायरवर पडलेले खळगे स्वतःच नवे धक्के निर्माण करतात. मागच्या चाकाचे नट कितीही फिरविले, तरी या साखळीतील एकही कडी तुटणार नाही.

हा गृहस्थ पावसाळ्यात पत्नीला मागे बसवून चामुंडी टेकडीवरून उतरत आहे, असे क्षणभर मनात आणावे. टेकडी शहरापेक्षा सुमारे ३०० मीटर उंच आहे. वाहन व दोन माणसे मिळून २८० किलो वजन एवढे खाली उतरते, तेव्हा मोकळी होणारी ऊर्जा सुमारे अडीच लिटर पाण्याला उकळी आणण्यास पुरेल. टू-स्ट्रोक इंजिन उतारावर फारसा अटकाव करीत नाही. त्यामुळे त्यातील बराचसा भार ब्रेकवर, आणि उतारावर वजन पुढे झुकत असल्याने विशेषतः पुढच्या चाकावर येतो. ओल्या वळणावर तो ब्रेक दाबतो. पुढचा तळहाताएवढा आधार सेकंदाच्या काही अंशापुरता जमिनीवरून सुटतो, चाक जाम होते आणि पुन्हा टेकते तेव्हा ते फिरत नसते, घसरत असते. पडलेल्या वाहनाचा पंचनामा करणाऱ्याला तेथे ‘ओला रस्ता’ एवढेच दिसेल.

दुरुस्तीचा क्रम म्हणून असा असावा. आधी कोनसेट आवळावा. तो इतकाच आवळावा, की चाक अधांतरी असताना हँडल मधून कोणत्याही बाजूस अडखळल्याशिवाय आपल्या वजनाने जाईल. आतल्या पेल्यांना गोळ्यांचे खड्डे पडले असतील, तर आवळून उपयोग नाही; संच बदलावा. मग चिमट्याचे तेल आणि सील बदलावेत. टायरचा विचार यानंतर. खळगे उथळ असतील आणि रबर पुरेसे शिल्लक असेल, तर जुना टायर काही दिवस वापरता येतो, पण त्याचा आवाज लगेच जाईल अशी आशा धरू नये. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांनी दुचाकीच्या नक्षीची खोली ०.८ मि. मी. पेक्षा कमी असू नये असे ठरविले आहे. ही कायद्याची किमान मर्यादा आहे. पावसाळ्याच्या तोंडावर तेवढ्या रबरावर विसंबणे शहाणपणाचे नाही, कारण खोबणीतून पाणी बाहेर काढण्याची शक्ती त्याआधीच बरीच ओसरलेली असते. आणि बारा मापांपैकी सर्वांत लहान माप कोणते, ते पाहावे. सरासरी काढू नये.

नवा टायर घेताना त्याच्या बाजूवरील चार अंकी शिक्का वाचावा. पहिले दोन अंक वर्षातील आठवडा आणि पुढचे दोन वर्ष दाखवितात. २३२४ म्हणजे २०२४ सालचा २३ वा आठवडा. जुन्या वाहनांच्या मापांचे टायर दुकानात वर्षानुवर्षे पडून राहिलेले असू शकतात, आणि असे रबर नक्षी कोरी असूनही कडक झालेले असते. बाणाची दिशा पाहून टायर बसवावा, रिमच्या कडेला तो सर्वत्र सारखा बसला आहे हे चाक फिरवून तपासावे, आणि पहिले शंभर-दीडशे किलोमीटर वळणे बेताने घ्यावीत. नव्या रबराचा गुळगुळीत थर तोवर निघून जातो. तोटीपासूनची चार ठिकाणे खडूने पुन्हा आखून त्या दिवशीची बारा मापे किलोमीटरच्या आकड्यासह वहीत लिहावीत. हजार किलोमीटरनंतर तीच मापे पुन्हा घ्यावीत. मध्याचे चार आकडे एकमेकांपासून दूर जाऊ लागले असतील, तर कोनसेट आणि तेल यांव्यतिरिक्त आणखी काही पाहावयाचे राहिले आहे.